समुद्राच्या पोटातले तेल

तेल पाण्यावर तरंगते, हे पणतीत वात घालणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. मोठमोठ्यांचा समजही फारसा निराळा नव्हता. १९६७ च्या मार्चात कॉर्नवॉलजवळ ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले. लाखाहून अधिक टन तेल त्यात होते. पसरलेला तवंग नजरेला दिसत होता. संकट सांगायला यंत्र कशाला हवे?

या समजाला खरा धक्का बसला तो २०१० साली. २० एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खणणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला. अकरा कामगार दगावले आणि सुमारे १,५०० मीटर खोलीवरची विहीर ८७ दिवस तेल ओकत राहिली. वायूसह जोराने उसळणाऱ्या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब झाले. त्यांतले कितीतरी वर न येता खोल पाण्यातच रेंगाळले. संशोधकांनी तसे सांगताच ‘बीपी’ कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड यांनी ते नाकारले. तेल पृष्ठभागावरच आहे, असे त्यांचे म्हणणे.

जूनमध्ये वुड्स होल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘सेंट्री’ ही माणसाविना चालणारी पाणबुडी खाली सोडली. तिच्यावर रेणूंचे वजन पारखणारे यंत्र होते. सुमारे १,१०० मीटर खोलीवर तिला तेलद्रव्यांचा ३५ किलोमीटरांहून लांब पट्टा सापडला. नवल असे की, तेथून बाटलीत भरून आणलेले पाणी दिसायला नितळ होते! डोळ्यांची साक्ष खोटी पडली.

पण यंत्राची साक्ष तरी खरी कशावरून? अतिनील प्रकाशात तेलातली काही द्रव्ये चमकतात. पुष्कळ संवेदक याच गुणावर चालतात. परंतु शेवाळातली नि कुजलेल्या पाल्यातली द्रव्येही तशीच चमकतात. म्हणून सोने कसोटीवर घासावे, तशी यंत्रांची आधी पारख करतात. न्यू जर्सीत १९७४ साली बांधलेले ‘ओमसेट’ हे खाऱ्या पाण्याचे टाके २०३ मीटर लांब. त्यात लाटा उठवायच्या, मोजून तेल सोडायचे आणि यंत्र काय सांगते ते ताडून पाहायचे.

त्याच १९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले. वाचकहो, आपल्या कोळ्याचे जाळेही पाण्याखालीच उतरते. उद्या प्रसंग आलाच, तर ‘पाणी नितळ दिसते’ एवढ्यावर त्याची बोळवण होऊ नये.