सेटिंगच्या नामांतराची कुळकथा

मावळ तालुक्याच्या गावयादीत कुसगाव एकदाच येत नाही. लोणावळ्याला खेटलेलं कुसगाव बुद्रुक, शिवाय कुसगाव खुर्द, आणि पवन मावळातलं म्हणून कुसगाव प. मा. सातबाऱ्यासाठी गेलेल्याने नुसतं ‘कुसगाव’ म्हटलं तर समोरचा विचारणारच, ‘कुठलं?’ नावाला जोड लागते ती गावाची हौस म्हणून नव्हे, तर शेजारी त्याच नावाचं दुसरं गाव असतं म्हणून.

कुसगाव बुद्रुकमध्ये सिंहगड संस्थेचा कॅम्पस आहे. तिथून इंजिनिअर होऊन बाहेर पडलेल्याला हिंजवडीत जावाचं काम मिळालं, तर जावात वेब अ‍ॅप्लिकेशन उभारायच्या स्प्रिंग बूट या चौकटीशी गाठ पडणं जवळपास ठरलेलं. आणि जुना प्रोजेक्ट वाट्याला आला, तर हीच ‘कुठलं?’ची भानगड त्याला कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये भेटते.

स्प्रिंग बूटची पहिली आवृत्ती 2014 साली आली. अ‍ॅप्लिकेशन कुठल्या पत्त्यावर उघडायचं हे सांगायला त्यात ‘सर्व्हर.कॉन्टेक्स्ट-पाथ’ अशी प्रॉपर्टी होती. तेव्हा जावाचा वेब सर्व्हर म्हणजे सर्व्हलेट या जुन्या पद्धतीचाच, हे गृहीतच होतं. मार्च 2018 मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर वेबफ्लक्स नावाची, सर्व्हलेटवाचूनही चालणारी नवी पद्धत. आता जुनी सेटिंग नेमकी कोणाची? म्हणून मधे एक शब्द घुसवला: ‘सर्व्हर.सर्व्हलेट.कॉन्टेक्स्ट-पाथ’. त्या एका आवृत्तीत अशी कितीतरी नावं बदलली. बदलामागचं कारण चोख होतं. त्रास वेगळ्याच जागी झाला.

त्याचं मूळ 1996 च्या जावात आहे. पहिल्या आवृत्तीपासून तिथे ‘प्रॉपर्टीज’ नावाचा क्लास होता: एका ओळीत नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत. किंमत मागताना सोबत एक पर्यायी किंमतही देता येई. नाव सापडलं नाही तर ती मिळायची, तक्रार न करता. सोय मोठीच. पण तिचा अर्थ असा, की फाइलमधलं नाव चुकलेलं किंवा जुनं झालेलं असलं तरी कोणी ओरडत नाही. स्प्रिंग बूटनेही हा मवाळपणा पुढे चालवला. जुनं नाव ठेवून दुसऱ्या आवृत्तीवर गेलात, तर अ‍ॅप्लिकेशन सुखाने सुरू होई, फक्त ठरलेल्या पत्त्याऐवजी सर्व्हरच्या मूळ पत्त्यावरच. ब्राउझरमध्ये दिसे 404. माझ्या मते सॉफ्टवेअरमधल्या चुकांत ही गप्प बसणारी जात सगळ्यांत खर्चिक.

यावर पहिला उतारा स्प्रिंगवाल्यांचा नव्हता. प्रचंड डेटा हाताळणाऱ्या हडूप या सॉफ्टवेअरने 2010 च्या सुमारास आपल्या प्रॉपर्ट्यांची घाऊक नावं बदलली, तेव्हा जुन्या-नव्या नावांचा तक्ताच कोडमध्ये ठेवला. ‘एफएस.डिफॉल्ट.नेम’ लिहिलंत तर काम होई, वर लॉगमध्ये सूचना येई: हे नाव आता मोडीत, ‘एफएस.डिफॉल्टएफएस’ वापरा. जगभरच्या वेळांची नोंद ठेवणाऱ्या टाइमझोन डेटाबेसनेही असंच केलं होतं. 2008 मध्ये ‘एशिया/कलकत्ता’चं ‘एशिया/कोलकाता’ झालं (शहराचं अधिकृत नाव 2001 लाच बदललं होतं), पण जुनं नाव ‘बॅकवर्ड’ नावाच्या फाइलीत राहिलं आणि चालतही राहिलं. आपल्या घड्याळाची सेटिंग आजही दोन्ही नावांनी होते.

स्प्रिंग बूटने 2018 मध्ये यासाठी ‘प्रॉपर्टीज मायग्रेटर’ काढला. तो प्रोजेक्टला जोडायचा. अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना तो फाइल चाळतो, कोणतं नाव कुठल्या ओळीत जुनं आहे ते सांगतो आणि तेवढ्या वेळेपुरतं नवं नाव लावूनही देतो. फाइलला मात्र हात लावत नाही. काम झालं की काढून टाका, असं त्याच्या कागदपत्रांतच लिहिलंय. हे वाक्य सहज नजरेतून सुटतं.

फाइल स्वतः बदलणारं प्लगइन वेगळ्या घराण्यातलं. नेटफ्लिक्समध्ये असताना जोनाथन श्नायडर यांनी 2016 मध्ये सुरू केलेलं ओपनरीराइट हे मेव्हन किंवा ग्रेडल या बिल्डच्या साधनांना जोडून चालवतात. जुनं नाव, नवं नाव एवढं ‘रेसिपी’त लिहायचं. ‘मग शोधा आणि बदला काय वाईट?’ असं विचारणाऱ्याने एकदा कॉन्फिगरेशनचीच, पण यामल या दुसऱ्या मांडणीतली फाइल उघडून बघावी. तिथे ‘सर्व्हर’ एका ओळीत, ‘कॉन्टेक्स्ट-पाथ’ खालच्या ओळीत आत सरकवलेलं. सलग नाव कुठेच नसतं. नवं नाव द्यायचं तर मधे आणखी एक पायरी उभी करून खालचं सगळं आत ढकलावं लागतं. ओपनरीराइट फाइलचा वृक्ष बांधून पायऱ्या ओळखतं आणि शेजारच्या टिप्पण्या, मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवतं. नोव्हेंबर 2022 मध्ये तिसऱ्या आवृत्तीत ‘स्प्रिंग.रेडिस’चं ‘स्प्रिंग.डेटा.रेडिस’ झालं, तेव्हा अशा रेसिपींची खरी किंमत कळली.

तरी ओपनरीराइटची नजर कोड ठेवलेल्या रिपॉझिटरीपुरतीच. कोणीतरी थेट सर्व्हरवर बसून एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये जुनं नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं असेल, तर ते प्लगइनला दिसत नाही. तिथे सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच फोन करून विचारावं लागतं.