माळ, बाटली आणि आपली दिंडी

स्मरणिकेसाठी कुणी काय लिहायचं याची बैठक झाली, तेव्हा विणेकऱ्यांची परंपरा, तळाच्या जागा, भिशीचा हिशेब असे विषय भराभर वाटले गेले. माझ्या वाट्याला आली दारू. ‘पवित्र अंकात तो विषय कशाला?’ असं एक-दोघं म्हणालेही. पण शंभर वर्षांत आपल्या दिंडीत जी माणसं आली, त्यांतली कितीतरी घरातल्या बाटलीला कंटाळून आली. कुणी स्वतः पीत होता, कुणाचा बाप, कुणीचा नवरा. हे वगळून इतिहास लिहिला तर तो अर्धाच होईल.

वारकऱ्याची माळ म्हणजे गळ्यातला दागिना नव्हे, हे आपल्या मंडळींना सांगायला नको. थोरांच्या हातून माळ घालायची, आषाढी-कार्तिकी चुकवायची नाही, एकादशी धरायची, मद्य-मांसाला शिवायचं नाही. माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत अन्न न घेणारी म्हातारी माणसं आम्ही पाहिली आहेत. आज डॉक्टर ज्याला पथ्य आणि पाठपुरावा म्हणतात, तो यात आहेच. रोज हरिपाठाला चार माणसं भेटतात. एक दिवस आला नाहीस तर दुसऱ्या दिवशी विचारतात, ‘काल कुठं होतास रे?’ दारू सोडणाऱ्याला या प्रश्नाची फार गरज असते.

आपली दिंडी सुरू झाली त्या काळात महाराष्ट्रात गाडगेबाबा खराटा घेऊन फिरत होते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे हे डेबूजी. वडील झिंगराजी दारूपायी गेले, घर मोडलं, आई लेकराला घेऊन माहेरी दापुरीला आली. त्यामुळे बाबांच्या कीर्तनातली दारू पोथीतली नव्हती. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी जातभाईंच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचं जेवण न देता गोड जेवण घातलं आणि नाराजी सोसली. कीर्तनात ते उपदेश कमी करायचे, प्रश्न जास्त विचारायचे. लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे. पंढरपुरात वाळवंट झाडायचे, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधायचे. १९५६ साली ते गेले. विदर्भात तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर हेच काम चालवलं, ‘ग्रामगीते’त व्यसनांवर लिहिलं.

कायदाही आला. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा. तो आला तशी उसाच्या फडात आणि ओढ्याकाठी हातभट्टी आली. गूळ आणि नवसागर किराणा दुकानातच मिळायचा. पुढे परवान्याची दुकानं झाली आणि लपून प्यायची तेवढी अडचणही गेली. कायदा नको असं मी म्हणत नाही. पण नुसत्या कायद्यानं कुणाचा नवरा संध्याकाळी शुद्धीवर घरी आला, असं आमच्या गावात तरी झालं नाही.

आता आमची चूक सांगतो. बरीच वर्षं आमची समजूत एकच होती : माळ घाल, सगळं सुटेल. ज्याचं सुटलं नाही तो ‘माळ विटाळणारा’. अशा माणसाची माळ आम्ही उतरवून घेतली, पंक्तीतून उठवलंही. तो पुन्हा दिंडीत आला नाही. काहींचं पुढं काय झालं ते गावाला ठाऊक आहे.

डोळे उघडले ते एका वारीत. वीस वर्षं रोज पिणारा एक गडी प्रस्थानाच्या दिवशी माळ घालून निघाला. एक थेंब घेतला नाही. पुण्याच्या मुक्कामात हात थरथरू लागले, घाम फुटला, झोप उडाली. दिवेघाट चढून सासवडला पोचलो त्या रात्री तो राहुटीत नसलेल्या माणसांशी बोलू लागला, अंगावरचे किडे झटकू लागला. कुणी म्हणालं बाहेरची बाधा, कुणी अंगारा लावला. मग त्याला झटका आला. वारीबरोबरच्या वैद्यकीय पथकातल्या डॉक्टरांनी त्याला तातडीनं दवाखान्यात हलवलं आणि आम्हाला खडसावलं : खूप वर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली, तर दोन-तीन दिवसांत असं होतं, जीवही जाऊ शकतो. औषधं देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. हा आजार आहे.

हा आजार आहे, हे पुण्यात आधीच काही माणसं सांगत होती. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि डॉ. अनिता अवचटांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला मुक्तांगण सुरू केलं. वारीच्याच वाटेवर पुणं, पण आम्हाला तिथं जायला उशीर झाला. गेलो तेव्हा दिसलं की तिथंही पहाटे उठणं, झाडलोट, प्रार्थना, गोल बसून मनातलं बोलणं. आपल्या काकड्यासारखंच वाटलं! फरक एवढाच, की घसरलेल्याला ते हाकलत नाहीत. ‘पुन्हा ये’ म्हणतात.

बायकांनी तर आमच्या पुढं जाऊन काम केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्याबरोबर गावोगावचे लोक उठले आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. आपल्याकडे उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानात डोक्यावर तुळस घेणाऱ्या आयाबायाच पुढं होत्या. पुरुष मंडळी पारावर बसून ‘बघू काय होतंय’ म्हणत होती.

आणि तंबाखू? इथं आपण गप्प बसतो. गळ्यात माळ, हातात टाळ आणि कंबरेला चंची. विसाव्याला चुना मळायचा आणि दारुड्याला नावं ठेवायची. मिश्री लावणाऱ्या आमच्या मावशींना तर ते व्यसन वाटतच नाही. तोंडाच्या कॅन्सरनं आपले टाळकरी गेलेत. दिंडीच्या ट्रकमध्ये आता पुडी ठेवायची नाही असा ठराव झाला आहे. तो पाळला जातो का, ते ट्रकमध्ये बसणाऱ्यांनी सांगावं.

काय बदललं? माळ मागायला आलेल्या पिणाऱ्याला आम्ही आधी दवाखान्यात नेतो, मग आळंदीला. घरच्या बाईशी वेगळं बोलतो, कारण तिचं मनही मोडलेलं असतं आणि तिला कुणी विचारत नाही. उदास, झोप हरवलेल्या, जिवाचं बरंवाईट बोलणाऱ्या पोराला ‘नामस्मरण कर’ एवढंच सांगून सोडत नाही. नाम हवंच, डॉक्टरही हवा. सरकारचा १४४१६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक दिंडीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. घसरलेल्याची माळ आम्ही उतरवत नाही. त्याला पाण्याच्या टँकरवर काम देतो, म्हणजे तो माणसांतच राहतो.

सासवडला झटका आलेला तो गडी वाचला. मधे दोनदा घसरला, दोनदा परत आला. आता तो पताका घेतो. प्रस्थानाच्या दिवशी नवीन पोरं आली की त्यांना बाजूला घेऊन पहिला प्रश्न तोच विचारतो, ‘माउली, शेवटची कधी घेतली? खरं सांग, मी कुणाला सांगत नाही.’