पत्र्याच्या रोलिंग मिलमधील स्वयंप्रेरित कंपने

मराठवाड्यात माळवदाची जागा पत्र्याने घेतली, त्याला आता बराच काळ लोटला. हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी छपरासाठी विकला जाणारा हा पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. तो तयार होताना ज्या अडचणीशी अभियंत्यांची गाठ पडते, ती मात्र सहसा चर्चेत येत नाही. ही अडचण कंपनांची आहे.

जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघणाऱ्या सळया तापलेल्या पोलादाच्या असतात. पातळ पत्र्याचे तसे नाही. नागपूरजवळील कळमेश्वर, रायगडमधील खोपोली किंवा तारापूर येथील कारखान्यांत दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी थंड अवस्थेतच अवजड रुळांमधून लाटली जाते. अनेक मिलमध्ये रुळांचे चार-पाच संच एकापाठोपाठ उभे असतात आणि त्यांच्यामधील पट्टी ताणलेली असते. वेग वाढवत नेला की एका मर्यादेनंतर रूळ अचानक थरथरू लागतात. काही सेकंदांतच ही थरथर इतकी वाढते की पट्टीवर आडवे पट्टे उमटतात आणि कधी ती तुटतेही. कारखान्यात याला ‘चॅटर’ म्हणतात.

सर्वांत घातक कंपने साधारण १२० ते २५० हर्ट्‌झची असतात. पाश्चात्त्य संगीताच्या मोजणीवरून त्यांना ‘तिसऱ्या सप्तकाचे चॅटर’ असे नाव पडले. पट्टी मिनिटाला ९०० मीटर वेगाने धावत असेल आणि कंपने १५० हर्ट्‌झची असतील, तर दर दहा सेंटिमीटरवर एक पट्टा उमटतो.

रूळ झिजला वा दाता तुटला, तर होणारी कंपने बाहेरून लादलेली असतात. तो भाग बदलला की ती थांबतात. चॅटरमध्ये बदलावा असा दोषी भागच नसतो. सारंगीचा गज एकसारखा ओढला तरी तार कंप पावते, तसाच हा प्रकार. रुळांमधील फट किंचित रुंदावली की रूळ मागची पट्टी अधिक वेगाने ओढतात आणि ताण वाढू लागतो. परंतु ताण वाढण्यास वेळ लागतो, तो पाव आवर्तन मागे राहतो. परिणामी फट मिटत असताना ताण सर्वाधिक व रुळांना दूर लोटणारा दाब सर्वांत कमी असतो. फट उघडत असताना नेमके उलट घडते. झोक्याला योग्य क्षणी धक्का मिळावा, तशी प्रत्येक आवर्तनात ऊर्जेची भर पडते. वेग जितका अधिक आणि पट्टी जितकी पातळ, तितकी ही भर मोठी. ती यंत्राच्या अंगभूत अवमंदनाहून जास्त झाली की कंपने वाढतच जातात. तो ‘क्रांतिक वेग’.

हा वेग आधीच कळावा, यासाठी गणिती प्रारूप लागते. चालत्या मिलवर प्रयोग करणे म्हणजे पट्टी तुटू देणे. प्रारूपात रूळ व चौकट ही वस्तुमाने आणि स्प्रिंगा मानली जातात. त्यांना फोन कारमान यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या लाटण्याच्या समीकरणाची जोड दिली जाते. युन, विल्सन आणि एहमान यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या दोन्ही बाजू एकत्र गुंफल्या आणि पुढील बरेच काम त्याच वाटेने झाले. एका संचात उमटलेला जाडीतील फरक काही क्षणांनी पुढच्या संचात पोहोचून तेथे नवी कंपने जागवतो. हा विलंब धरला नाही, तर उत्तर चुकते.

खरी अडचण घर्षणाची. रूळ आणि पट्टी यांच्यामध्ये तेल-पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. तेथील घर्षण थेट मोजणे फार कठीण असल्याने ते बहुधा दाबाच्या नोंदींवरून उलटे काढावे लागते. म्हणून प्रत्येक मिलसाठी प्रारूप नव्याने जुळवावे लागते. सोबतीला चौकटीवर कंपनमापक बसवले जातात आणि धोक्याच्या पट्ट्यातील थरथर वाढताच नियंत्रण यंत्रणा मिलचा वेग उतरवते.