तळटीप : ‘अजून हुकूम नाही’

१७. ‘अजून हुकूम नाही’ : हे वाक्य या पत्रांत वरचेवर येते. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला आणि त्यानंतर ‘ऑपरेशन पराक्रम’खाली सैन्य पाकिस्तानच्या सीमेवर नेण्यात आले. देशाच्या आतल्या छावण्यांतून रणगाडे आणि तोफा राजस्थानात पोहोचेपर्यंतच तीनेक आठवडे गेले. तोवर परदेशांचा दबाव वाढला होता. १४ मे २००२ रोजी जम्मूजवळ कालूचकला जवानांची बायकामुले मारली गेली, तेव्हा युद्ध पुन्हा अगदी दाराशी आले, आणि पुन्हा टळले.

पत्रलेखक तोफखान्यात होता. मे-जूनच्या उन्हात तोफेचे लोखंड हाताला चटका देई, वाळू आच्छादनाखालूनही आत शिरे. तीच तोफ रोज पुसायची, पहाटे आणि तिन्हीसांजेला सज्ज उभे राहायचे, बिस्तरा बांधलेलाच ठेवायचा. रजेची तारीख घरी कळवता येत नसे. त्याची चिडचीड काही वाचकांना शिस्तभंगासारखी वाटली आहे. मला ते मान्य नाही. लढायला तयार असलेल्या माणसाला महिनोन्‌महिने ‘उद्या’ म्हणून थोपवून धरणे ही मोठीच शिक्षा आहे, आणि ती सोसूनही त्याने एकही पहारा चुकवलेला नाही.

शिवाय हा काळ बिनधोक नव्हता. सुरुंग पेरताना अनेक जवान दगावले. आंतरराष्ट्रीय सीमेवरून सैन्य मागे घेण्याचा निर्णय १६ ऑक्टोबर २००२ रोजी जाहीर झाला. सुरुंग काढण्याचे काम त्यानंतरही चालूच राहिले.