साथीदाराचा सन्मान

मैफलींत तबलजीचें स्थान पूर्वीं गवयाच्या मागें असे. ठेका धरावा, गवयाची मर्जी राखावी आणि जाहिरातींत आपलें नांव न दिसल्यास खंत करूं नये, असा शिरस्ता. पंजाब घराण्याचे उस्ताद अल्लारखां यांनीं ही चाकोरी मोडण्यास प्रारंभ केला. १९४० च्या सुमारास ते मुंबईच्या रेडिओ केंद्रावर रुजू झाले. पुढें रविशंकरांच्या सतारीबरोबर त्यांचा तबला परदेशीं गेला. १९६७ सालीं अमेरिकेंतील माँटेरेच्या महोत्सवांत सवाल-जवाब ऐकतांना हा साथीदार सतारीस तोडीस तोड बोलतो, हें तेथील तरुण श्रोत्यांनीं पाहिलें.

त्यांचे पुत्र झाकीर हुसेन १९५१ सालीं मुंबईंत जन्मले. १९७३ सालीं इंग्रज गिटारवादक जॉन मॅकलाफलिन यांच्यासह त्यांनीं ‘शक्ति’ हा वाद्यवृंद उभारला. त्यांत गवई मुळीं नव्हताच. तेव्हां साथ कोणीं कोणाची करावयाची?

ग्रॅमी हें अमेरिकेंतील पारितोषिक ध्वनिमुद्रणांना मिळतें. जागतिक संगीतग्रंथींचें पहिलें ग्रॅमी १९९२ सालीं ‘प्लॅनेट ड्रम’ या तालवाद्यांच्या ध्वनिमुद्रिकेस लाभलें. मिकी हार्ट यांच्या त्या मेळ्यांत झाकीर होते. ४ फेब्रुवारी २०२४ रोजीं त्यांना एकाच रात्रीं तीन ग्रॅमी मिळालीं. एक ‘शक्ति’चें, आतां तींत मुंबईचे शंकर महादेवन गात होते, आणि तबला त्यांच्या मागें नव्हता. उरलेलीं दोन बँजो, बास व राकेश चौरसियांची बांसरी यांच्या संगतींत. त्याच वर्षीं १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्को येथें झाकीर निवर्तले.