व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प्लिफायर : घरगुती बांधणी आणि फेरफार

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वलगाव हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते संत गाडगेबाबांमुळे. २० डिसेंबर १९५६ रोजी याच गावाजवळ, पेढी नदीच्या परिसरात त्यांचे महानिर्वाण झाले. त्या काळी यात्रांमधून आणि सभांच्या मैदानांवर जे कर्णे वाजत, त्यांच्यामागील वर्धकयंत्र काचेच्या निर्वात नळ्यांचे, म्हणजेच बोलीभाषेत ‘व्हॉल्व्हचे’ असे. पुढे ट्रान्झिस्टर आला, यंत्रे हलकी व स्वस्त झाली आणि त्या जड लोखंडी पेट्या माळ्यावर गेल्या. इलेक्ट्रिक गिटार वाजविणाऱ्यांच्या जगातून मात्र ही नळी कधीच निवृत्त झाली नाही. रॉक आणि मेटल संगीतातील जो दाट, लांबत जाणारा, किंचित करकरीत नाद श्रोत्यांच्या परिचयाचा आहे, त्याचे मूळ व्हॉल्व्हच्या एका दोषात आहे. तो दोष जाणीवपूर्वक वाढवीत नेणे, यालाच ‘हाय-गेन’ ॲम्प्लिफायर असे नाव आहे. असा वर्धक घरी बांधणे किंवा जुन्या वर्धकात फेरफार करून तो तयार करणे हा जगभर रुजलेला छंद असून तो जितका आनंददायक, तितकाच जिवावर बेतू शकणाराही आहे.

या यंत्राचा इतिहास पाहिला तर तो फेरफारांचाच इतिहास आहे, असे म्हणावे लागते. लंडनमधील हॅनवेल येथे वाद्यांचे दुकान चालविणारे जिम मार्शल, त्यांचे तंत्रज्ञ केन ब्रॅन आणि तरुण सहकारी डडली क्रेव्हन यांनी १९६२ च्या सुमारास जो पहिला मार्शल वर्धक तयार केला, तो अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ या वर्धकाच्या आराखड्यावर बेतलेला होता. इंग्लंडमध्ये मिळतील ते सुटे भाग त्यात वापरण्यात आले आणि पहिल्या टप्प्यात बासमनपेक्षा अधिक वर्धन करणारी ईसीसी-८३ ही नळी बसविण्यात आली. एवढ्याने नाद बदलला. सन १९७० च्या आसपास कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ याने फेंडरच्या ‘प्रिन्स्टन’ या लहानशा पेटीत मोठ्या वर्धकाचे मंडल व मोठा स्पीकर बसविला आणि पुढे वर्धनाचे टप्पे एकापुढे एक जोडण्याची रीत रूढ केली. मेसा-बूगी ही कंपनी त्यातूनच उभी राहिली. मार्शलच्या २२०३ या नमुन्यात १९७५ साली ‘मास्टर व्हॉल्यूम’ आले. तोच नमुना १९८१ पासून जेसीएम-८०० या नावाने विख्यात झाला. लॉस एंजलिसमध्ये होजे अरेडोंडो यांच्यासारखे कारागीर मार्शलच्या पेट्या उघडून त्यांत बदल करून देत. मग १९८७ मध्ये माइक सोल्डानो याने ‘एसएलओ-१००’ आणला. आजचे बहुतेक हाय-गेन वर्धक मार्शल किंवा सोल्डानो या दोन घराण्यांतील आहेत.

भारतात मात्र १९९१ पूर्वी आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी वर्धक ही दुर्मीळ वस्तू होती. मुंबईत १९८६ साली सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’सारख्या महोत्सवांच्या पिढीने स्थानिक बनावटीच्या आणि दुरुस्त केलेल्या साधनांवर बरेच दिवस काढले. नळ्यांची उणीव मात्र नव्हती. १९५४ साली स्थापन झालेल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी उद्योगात रेडिओसाठी लागणाऱ्या नळ्या तयार होत आणि त्यांत ईसीसी-८३ व ईएल-८४ यांचाही समावेश होता. त्या नळ्यांचे उत्पादन कधीच थांबले. परंतु जुन्या साठ्यातील नळ्यांना आजही परदेशातून मागणी असते.

नळीत नेमके काय घडते?

निर्वात नळीत तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन निघतात व धनाग्राकडे धाव घेतात. मधल्या जाळीवरील, म्हणजे ग्रिडवरील, दाब थोडा जरी बदलला तरी हा प्रवाह मोठ्या प्रमाणात कमीजास्त होतो. ईसीसी-८३ च्या एका काचेत असे दोन संच असतात आणि नेहमीच्या जोडणीत प्रत्येक संच आलेला संकेत सुमारे साठपट मोठा करतो. गिटारच्या पिकअपमधून एक दशांश व्होल्ट निघाला, तर पहिल्या टप्प्यानंतर तो सहा व्होल्ट होतो. दुसऱ्या टप्प्याच्या ग्रिडला मात्र जेमतेम दीड व्होल्टाचा चढउतार पेलवतो. त्यामुळे लाटेचा एक माथा चपटा होतो, दुसरा छाटला जातो आणि मूळ स्वरासोबत त्याच्या उपस्वरांची दाटी होते. तानपुऱ्याला जवारी लावताना मिरजेचा कारागीर घोडीचा माथा घासून तारेला जे करावयास लावतो, त्याच्याशी याचे नाते जवळचे आहे. साधने वेगळी, पण दोन्हीकडे शोध उपस्वरांचाच.

असे तीन-चार टप्पे एकामागोमाग जोडले की हाय-गेन वर्धक तयार झाला, असा नवशिक्यांचा समज असतो. प्रत्यक्षात तेथूनच खरे काम सुरू होते. मंद्र स्वर जसेच्या तसे पुढे जाऊ दिले, तर अखेरीस निघणारा आवाज चिखलासारखा होतो. म्हणून विकृतीच्या आधी मंद्र कमी करावे आणि नंतर टोन नियंत्रणात ते भरून काढावे, हा या शास्त्रातील पहिला नियम होय. जेसीएम-८०० मध्ये एका ऋणाग्राशी २.७ किलोओहमचा रोध आणि ०.६८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो; त्यामुळे खालच्या स्वरांचे वर्धन आपोआप घटते. पुढच्या एका टप्प्यात ऋणाग्राचा रोध १० किलोओहम ठेवलेला असतो. नळीतून मुद्दाम अतिशय कमी प्रवाह वाहतो आणि लाटेची एक बाजू दुसरीपेक्षा फार आधी कापली जाते. सोल्डानोने हाच रोध ३९ किलोओहमपर्यंत नेला. दोन रुपयांच्या एका रोधाच्या किमतीत एका घराण्याचा नाद दुसऱ्या घराण्याकडे झुकतो, हेच या छंदाचे व्यसन लावणारे मर्म आहे.

वर्धन वाढले की दोषही वाढतात. तीन टप्प्यांचे मिळून वर्धन कागदावर दोन लाख पटींच्या पुढे जाते. मध्ये कितीही खच्चीकरण केले तरी उरते ते पुष्कळ असते. मग शेवटच्या टप्प्याची तार पहिल्या टप्प्याच्या तारेजवळून गेली, तर यंत्र स्वतःच शिट्टी मारू लागते. नळ्या तापविणाऱ्या ६.३ व्होल्टच्या तारांना पीळ दिला नाही, तर ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. पहिल्या ग्रिडशी कवचयुक्त तार वापरणे, ग्रिडच्या पायाला लागूनच ६८ किलोओहमचा रोध जोडणे, सर्व भू-जोडण्या विचारपूर्वक एकत्र आणणे ही कामे दिसायला क्षुल्लक असली, तरी घरगुती वर्धक यशस्वी होतो की अयशस्वी हे बहुधा तेथेच ठरते.

जुनी पेटी हाती लागली तर

वऱ्हाडातील एखाद्या घरात आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ सापडला, की त्याचा गिटार वर्धक करावा असा मोह होतो. हा मोह टाळावा. मर्फी, फिलिप्स आदी कंपन्यांचे अनेक रेडिओ एसी व डीसी अशा दोन्ही पुरवठ्यांवर चालत. अशा संचात रोहित्र नसते. नळ्यांचे तापक एकामागे एक जोडलेले असतात आणि चॅसिसचा पत्राच थेट विजेच्या एका तारेशी जोडलेला असतो. लाकडी पेटी आणि प्लॅस्टिकच्या बटणांमुळे ऐकणारा सुरक्षित राहत असे. गिटारच्या तारा मात्र केबलच्या आवरणातून चॅसिसशी जोडलेल्या असतात. प्लग उलटा बसला, की २३० व्होल्ट थेट वादकाच्या बोटांत येतात.

जुना सार्वजनिक सभांचा वर्धक हा त्यापेक्षा कितीतरी चांगला पाया ठरतो. त्यात स्वतंत्र रोहित्र असते, ईएल-३४ किंवा ६एल६ जातीच्या ताकदीच्या नळ्या असतात आणि स्पीकरसाठी ८ व १६ ओहमच्या जोडण्याही बहुधा तयार असतात. त्यातील सर्व जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मात्र न चुकता बदलावे लागतात. दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची बसविणे, फ्यूज फेजच्या तारेवर घेणे आणि फेजपासून चॅसिसकडे गेलेला एखादा कंडेन्सर असल्यास तो कापून टाकणे, ही कामे नादाचा विचार करण्यापूर्वीची आहेत.

हा धोका काल्पनिक नाही. स्टोन द क्रोज या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी स्वान्सी येथे रंगमंचावर, मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ मे १९७६ मध्ये घरी गिटार वाजविताना गेला. अर्थिंग योग्य नव्हते. आपल्याकडे ग्रामीण घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण त्यामागे अर्थिंगची तार असेलच याची खात्री नसते. नवे यंत्र लावण्यापूर्वी वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे आणि घरात ३० मिलिॲम्पिअरचा गळती-संरक्षक स्विच बसविणे यांवर खर्च होईल तो आधी करावा, नळ्या मागाहून घ्याव्यात.

दुसरा धोका यंत्र बंद असतानाचा. ईएल-३४ च्या वर्धकात धनाग्राचा दाब ४५० व्होल्टच्या आसपास असतो. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर या दाबाला भारलेला असेल, तर त्यात सुमारे १० ज्यूल ऊर्जा साठते आणि वायर सॉकेटमधून काढली तरी ती तशीच राहते. यावरचा उपाय स्वस्त आहे. कंडेन्सरच्या दोन टोकांना २२० किलोओहम, दोन वॅटचा रोध कायमचा जोडला, तर दोन मिनिटांत दाब दोन-तीन व्होल्टवर येतो. तरीही हात घालण्यापूर्वी मीटरने मोजावे. रोध तुटलेला असू शकतो. एक हात खिशात ठेवून काम करण्याची जुन्या रेडिओ मेकॅनिकांची सवय याच कारणाने पडलेली होती.

वऱ्हाडाचे ऊन आणि विजेचा दाब

परदेशी पुस्तकांत न आढळणारे काही प्रश्न वलगावसारख्या ठिकाणी उभे राहतात. पहिला प्रश्न विजेच्या दाबाचा. २३० व्होल्टसाठी गुंडाळलेल्या रोहित्राला रात्री भार उतरल्यावर २५५ व्होल्ट मिळाले, तर आतील ४५० चे जवळपास ५०० व्होल्ट होतात आणि ४५० व्होल्ट क्षमतेचा कंडेन्सर फुटतो. म्हणून ३५० व्होल्टचे दोन कंडेन्सर एकामागे एक जोडून त्या प्रत्येकावर समतोलाचा रोध लावण्याची मार्शलची पद्धत येथे विशेष उपयोगी आहे. याउलट सायंकाळी पुरवठा १८० व्होल्टवर घसरला, तर तापकांना ६.३ ऐवजी पाचाच्याही आत व्होल्ट मिळतात आणि नळ्यांचे ऋणाग्र अकाली झिजतात. एडी व्हॅन हेलन हा गिटारवादक व्हेरिॲक लावून आपल्या मार्शलचा पुरवठा १२० वरून ९० व्होल्टपर्यंत खाली आणत असे. तो नाद वऱ्हाडात अनेकदा विनामूल्य मिळतो, एवढेच काय ते समाधान. चांगला स्टॅबिलायझर येथे चैनीत मोडत नाही.

उन्हाळ्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्यात नळ्यांची स्वतःची आग. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारणतः निम्मे होते. त्यामुळे ८५ अंशांचे नव्हे, तर १०५ अंशांचे कंडेन्सर घ्यावेत आणि ते ताकदीच्या नळ्यांपासून दूर बसवावेत.

सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा टपालाने मिळतात; पण रोहित्र टपालाने मागविणे वजनामुळे महाग पडते. येथे शेतीपंपांची मोटार रिवायंडिंग करणारे कारागीर उपयोगी ठरू शकतात. तांब्याच्या तारेचे गेज, वेढ्यांची मोजणी, वार्निश, इन्सुलेशनचा कागद ही त्यांची रोजची सामग्री आहे. ३३०-०-३३० व्होल्ट आणि ६.३ व्होल्ट अशी पुरवठ्याची गुंडाळी त्यांना समजावून सांगता येते. आउटपुट रोहित्राचे मात्र तसे नाही. ईएल-३४ च्या जोडीला सुमारे ३४०० ओहमचा भार आणि ८ ओहमचा स्पीकर असेल, तर वेढ्यांचे प्रमाण २०.६ ला १ येते. हे गणित सोपे आहे. पण प्राथमिक व दुय्यम गुंडाळ्यांचे थर एकाआड एक बसविले नाहीत, तर वरचे स्वर हरवतात. नवशिक्याने हे रोहित्र तयारच घ्यावे. शिवाय स्पीकर न जोडता यंत्र वाजविल्यास याच रोहित्रात उच्च दाबाचे झटके निर्माण होऊन ते जळते.

नळ्यांचा पुरवठा आता मोजक्या कारखान्यांवर अवलंबून आहे : रशियातील सारातोव्ह, स्लोव्हाकियातील जेजे इलेक्ट्रॉनिक आणि चीनमधील काही उद्योग. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या पार्श्वभूमीवर रशियातून होणारी निर्यात काही काळ थांबली आणि किमती वाढल्या. नवख्याने म्हणूनच ईएल-८४ च्या जोडीचा १५ ते १८ वॅटचा वर्धक निवडणे शहाणपणाचे. त्यात दाब कमी, रोहित्र लहान, नळ्या स्वस्त. आणि आवाजाबाबत शंका नको, १५ वॅटही शेजारच्या गल्लीत ऐकू जातात.

यंत्र प्रथम सुरू करताना आयटीआयच्या विद्यार्थ्याला माहीत असलेला सिरीज बोर्ड वापरावा, म्हणजेच १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब पुरवठ्याच्या मार्गात जोडावा. आधी नळ्या न बसविता पाहावे. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ठीक. प्रखर पेटून राहिला, तर कोठेतरी शॉर्ट आहे. नंतर नळ्या व स्पीकर जोडून पुन्हा पाहावे आणि शेवटी बल्ब काढून ताकदीच्या नळ्यांचा प्रवाह ठरवावा. ईएल-३४ ची धनाग्राची मर्यादा २५ वॅट असून तिच्या सत्तर टक्के, म्हणजे साडेसतरा वॅट धरले, तर ४५० व्होल्टला प्रत्येक नळीतून ३९ मिलिॲम्पिअर यावयास हवेत. ऋणाग्राच्या मार्गात एक ओहमचा रोध ठेवला असेल, तर मीटरवर ३९ मिलिव्होल्ट दिसतात. अर्ध्या तासाने, यंत्र पुरते तापल्यावर, हे माप पुन्हा घ्यावे. काळोखात धनाग्राचा पत्रा लालसर दिसू लागला, तर तत्काळ वीज बंद करावी.