मोटारीचे दिवे व समोरचा वाटसरू

रात्रीच्या प्रवासांत दिवा कोणासाठीं असतो, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं बाळबोध वाटेल. ज्याचा दिवा त्याच्यासाठीं, असें उत्तर कोणीहि देईल. परंतु मागचा काळ डोळ्यांपुढें आणिला तर तें पुरतें खरें ठरत नाहीं. पेशवाईंत रात्रीं पालखी निघाली म्हणजे पुढें मशालजी चालत. मशालीचा उजेड चोहोंकडे सारखा पडे. पालखीच्या भोयांस वाट दिसे, तशीच ती समोरून येणाऱ्या वाटसरूसहि दिसे. बैलगाडीखालीं टांगलेल्या कंदिलाचेंहि तेंच. मोटारीचा दिवा मात्र या कुळांतला नव्हे. मागें आरसा व पुढें कांच लावून त्यानें उजेडाचा बाण केला आणि तो एकाच दिशेस सोडला. तेव्हांपासून एकाचा उजेड हा दुसऱ्याचा अंधार होऊं लागला. या दिव्याचा इतिहास म्हणजे उजेड वाढविण्याचा इतिहास, अशी सामान्य समजूत आहे. आमच्या मतें उजेडास आवर घालण्याचा इतिहास हाच त्यांतील अधिक मोलाचा भाग होय. हें मत आम्हीं पुस्तकांतून घेतलेलें नाहीं. तें कसें बनलें तें आधीं सांगतों.

आम्ही कांदिवलीस राहतों. घरीं गोल दिव्यांची एक जुनी मोटार आहे. तिचा उजेड पिवळट व मंद झाला होता. पावसाळ्यांत रस्त्यावरील खड्डा चाक आंत गेल्यावरच कळे. म्हणून उपनगरांतील एका दुकानांतून पांढऱ्याशुभ्र प्रकाशाचे एलईडी बल्ब आणून ते आम्हीं जुन्याच दिव्यांत बसविले. काम वीस मिनिटांत उरकलें. दिव्यांचा झोत कोठें पडतो हें दुकानदारानें पाहिलें नाहीं आणि आम्हींहि विचारलें नाहीं. पंधरा दिवसांनीं एका स्नेह्यांच्या गाडींतून आम्ही आकुर्ली रस्त्यानें परत येत होतों. समोरून एक मोटार आली आणि तिच्या दिव्यांनीं आमचे डोळे असे दिपले कीं, रस्ता, माणसें, दुकानें सारें क्षणभर नाहींसें झालें. स्नेह्यांनीं ब्रेक दाबला तो केवळ अंदाजानें. गाडी थांबली तेव्हां चार-पांच हातांवर एक वृद्ध गृहस्थ भाजीची पिशवी छातीशीं धरून उभे होते. ती मोटार शेजारून निघून गेली. आम्हीं वळून मागचा क्रमांक पाहिला, तों ती आमचीच! घरीं आल्यावर मुलास विचारलें. तो आनंदानें म्हणाला, "बाबा, आज रस्ता किती स्वच्छ दिसत होता!" त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. त्याचा रस्ता खरोखरच लख्ख होता.

त्या रात्रीपासून आम्ही या दिव्याची कुळकथा शोधूं लागलों.

आरंभींच्या मोटारींस घोडागाडीचेच तेलाचे दिवे असत. वाट दाखविण्यापेक्षां गाडी येत आहे एवढें सांगण्याचेंच काम ते करीत. त्यांच्यामागून असेटिलीनचे दिवे आले. कार्बाइडच्या खड्यांवर थेंबथेंब पाणी पाडून जो वायु निघे तो जाळावयाचा आणि ज्योतीमागें अंतर्गोल आरसा ठेवावयाचा, अशी ही योजना. उजेड झणझणीत, परंतु वाऱ्यापावसांत खालीं उतरून काडी ओढावी लागे. १९१२ सालच्या आपल्या गाड्यांत अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनीनें विजेनें एंजिन सुरू करण्याची सोय व विजेचे दिवे एकत्र दिले, आणि पुढें कार्बाइड मागें पडलें. विजेबरोबर उजेड वाढला, तसे दिपणारे डोळेहि वाढले. मग आरसा किंवा सबंध दिवा दांड्यानें खालीं कलविण्याच्या खटपटी झाल्या.

खरा उपाय निघाला तो १९२५ सालीं. जर्मनींतील ओस्राम कंपनीनें एकाच बल्बांत दोन तंतु घातले. एक तंतु आरशाच्या नाभीवर. त्याचा झोत दूरवर सरळ जातो. दुसरा नाभीच्या किंचित् पुढें, आणि त्याच्या खालीं धातूची एक चिमुकली वाटी. या दुसऱ्या तंतूचा उजेड आरशाच्या वरच्या अर्ध्यावर पडला तर खालीं रस्त्यावर जातो. खालच्या अर्ध्यावर पडला तर वर उडून समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. ती वाटी हा वर उडणारा उजेड जागच्या जागींच अडविते. आपले चालक ज्यास 'अप्पर-डिप्पर' म्हणतात तो याच दोन तंतूंचा खेळ. निम्मा उजेड जाणूनबुजून टाकून देणें यांतच त्या शोधाचें सारें मर्म आहे.

१९४० सालच्या सुमारास अमेरिकेंत कांच, आरसा व तंतु एकजीव केलेला सात इंच व्यासाचा बंद दिवा रूढ झाला. महायुद्धानंतर महिंद्र कंपनीनें मुंबईस विलिस जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला, आणि पुढें तिचा कारखाना याच आकुर्ली रस्त्यावर उभा राहिला. १९५७ सालीं बृहन्मुंबईंत सामील होईपर्यंत कांदिवली हें गांवच होतें. हल्लींचा स्वामी विवेकानंद रस्ता पूर्वीं घोडबंदर रस्ता म्हणून ओळखला जाई. अशा काळोख्या रस्त्यावर जीपचे दोन गोल डोळे दुरूनच ओळखूं येत असतील. १९६५ व १९७१ च्या युद्धांत ब्लॅकआउटसाठीं दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करीत, हें वडील मंडळींस आठवत असेल. पुढें शांततेच्या काळांतहि कित्येक गाड्यांच्या दिव्यांवर काळा ठिपका किंवा पट्टी दिसे; ती विमानांसाठीं नसून समोरच्या चालकासाठीं असे.

युरोपांत १९५७ च्या सुमारास आणखी एक सुधारणा झाली. खालच्या झोताची वरची कड सरळ न ठेवतां, रस्त्याच्या कडेकडील बाजूस ती थोडी वर चढविली. यामुळें पदपथावरील माणूस लांबून दिसूं लागला, व समोरच्या गाडीकडील उजेड खालींच राहिला. आपण डावीकडून चालतों, म्हणून आपल्या दिव्यांत ही चढ डावीकडे हवी. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठीं केलेले दिवे हौसेनें आणून बसविले, तर हीच चढ नेमकी समोरून येणाऱ्याच्या तोंडावर पडते.

१९६२ पासून हॅलोजन बल्ब आले, आणि १९७१ सालीं दोन तंतूंचा, ६० व ५५ वॅटचा एच-४ बल्ब निघाला. १९९१ सालीं झेनॉन आणि २००७ सालीं एलईडीचे पुढचे दिवे कारखान्यांतून निघणाऱ्या मोटारींत आले. परंतु त्यांचे आरसे व भिंगें त्यांच्यासाठींच घडविलेलीं होतीं. आमची चूक येथेंच झाली. जुना आरसा तंतूच्या नेमक्या जागेसाठीं घडविलेला असतो. तेथें निराळ्या आकाराचा व निराळ्या जागीं उजळणारा बल्ब घातला कीं, उजेड वाढतो खरा, पण त्याची कड विस्कटते व तो वाटेल तिकडे फांकतो.

मग जुन्या मोटारीनें अंधारांतच चालावें काय? तसें नाहीं. एका जाणत्या मिस्त्रीनें आम्हांस दाखविलें कीं, दोष बल्बाचा नसून बारीक, जुनाट तारांचा होता. व्होल्टेज एक दशांशानें घटलें कीं हॅलोजनचा उजेड सुमारें तीस टक्के घटतो. त्यानें जाड तारा व रिले घालून बॅटरीचा प्रवाह थेट दिव्यांस दिला, काळवंडलेले आरसे बदलले, आणि ६० व ५५ वॅटचेच बल्ब बसविले. शंभर वॅटचे बल्ब घालण्याचा मोह आम्हांस झाला होता. परंतु त्यांनीं होल्डर वितळतो, असें सांगून त्यानें आम्हांस परावृत्त केलें.

नंतर झोत जुळविण्याचें काम. टायरांतील हवा नीट करून, चालकाच्या जागीं माणूस बसवून, सपाट जागेवर मोटार भिंतीपासून दहा मीटरांवर उभी केली. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनें मांडली, आणि खालच्या झोताची कड त्या रेघेच्या दहा सेंटिमीटर खालीं येईपर्यंत स्क्रू फिरविला. आमच्या मोटारीचा दिवा सत्तर सेंटिमीटर उंच आहे. या हिशेबानें कड सत्तर मीटरांवर जमिनीस टेंकते. एका अंशाची चूक क्षुल्लक वाटते, पण पन्नास मीटरांवर तीच सुमारें सत्याऐंशी सेंटिमीटर होते. गुडघ्याखालीं राहावयाचा उजेड तेवढ्यानें समोरच्या चालकाच्या डोळ्यांपर्यंत चढतो.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम आम्हीं तेव्हां वाचला. दिव्यापासून आठ मीटर पुढें, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल त्यास दिव्यानें दिपवूं नये, असा त्याचा आशय आहे. कायद्याची भाषा बहुधा रुक्ष असते. पण येथें तिनें एका अनोळखी माणसाचा डोळा मोजून मापून रस्त्यावर उभा केला आहे. तो डोळा कोणाचाहि असूं शकेल.

आपल्या दिव्याचा दोष आपल्या जागेवरून कधींच दिसत नाहीं, हाच या विषयांतला खरा धोका आहे. म्हणून शेवटची परीक्षा आम्हीं रस्त्यावर घेतली. मुलास मोटार लांबून आणावयास सांगितली व आकुर्ली रस्त्याच्या कडेस, ते वृद्ध गृहस्थ जेथें थबकले होते त्याच जागीं, आम्ही जाऊन उभे राहिलों. मोटार जवळ आली. उजेड गुडघ्यांपर्यंत येऊन थांबला, आणि पलीकडून येणारीं माणसें आम्हांस एकेक स्पष्ट दिसत राहिलीं.